पाणी कुणाच्या नावाचं?

सीएसएमटीला उतरून मिंट रोडच्या बाजूला चालायला लागलात की फोर्टातल्या एका नाक्यावर दगडी कारंजं लागतं. भोवती दुचाक्या, टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं. मान वर केलीत तरच कळतं की टोकावर एका मुलाची मूर्ती आहे. मुलाचं नाव धरमसी. कापसाचे व्यापारी रतनसी मूळजी जेठा यांचा हा एकुलता एक मुलगा १८८९ साली वारला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बापाने त्याच्या आठवणीसाठी हे कारंजं उभं केलं. १८९४ मध्ये ते पुरं झालं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, म्हणजे ज्याने सीएसएमटीची आणि समोरच्या महापालिकेची इमारत उभी केली त्याचाच, आणि त्याला मदत जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांची.

मुंबईत मूळजी जेठा म्हटलं की कापडाचं मार्केट आठवतं. मला मात्र हल्ली तो बाप आठवतो. त्याच्याकडे पैसा होता. त्याला देऊळ बांधता आलं असतं, शाळेला देणगी देता आली असती. या सगळ्यांतून त्याने पाणी निवडलं. भर रस्त्यात, कुणीही यावं आणि प्यावं असं पाणी. का? या एका प्रश्नामागे लागून मी दोन उन्हाळे मुंबईत भटकले. हा लेख त्या भटकंतीतून आला आहे, त्यामुळे तो सरळ रेषेत जाणार नाही.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण पाणपोई म्हणतो. मुंबईत गुजराती-हिंदीच्या संगतीने प्याऊ किंवा प्याव हा शब्द रुळला, आणि दगडी बांधकामाला बहुतेक जण तोच वापरतात. पाणपोई म्हटलं की डोळ्यांपुढे माठ आणि ओलं फडकं येतं. प्याऊ म्हटलं की नक्षीदार छत्री, कमान, नळ आणि खाली गुरांसाठी कुंडी. काम एकच. संस्कृतात याला प्रपा म्हणतात आणि वाटसरूसाठी ती घालणं हे धर्मकृत्य मानलं जातं. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ देण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. मोहरमच्या दिवसांत मुंबईच्या मुसलमान मोहल्ल्यांत सबीली लागतात. करबलाच्या मैदानात तहानलेल्यांची आठवण म्हणून येईल त्याला पाणी नाहीतर सरबत दिलं जातं. शिखांची छबील असते. गेलेल्या माणसाची तहान भागवता येत नाही, म्हणून त्याच्या नावाने जिवंत माणसाची भागवायची, हा विचार एवढ्या वेगवेगळ्या लोकांना सुचला आहे की त्याचा मालक शोधण्यात अर्थ नाही.

आणि हा विचार मुंबईत शेठ लोकांनी आणलेला नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सेल्फी काढायला कान्हेरीला गेला असाल, तर लेण्यांच्या बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघितली असतील. या टाक्यांजवळ ब्राह्मी लिपीत लेख आहेत. त्यातला एक सांगतो की हे टाकं कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचं दान आहे. टाक्याला तिथे शब्द आहे ‘पाणियपोढी’. पाणियपोढी आणि पाणपोई कानाला एकाच घरातले वाटतात. पण कान हा काही पुरावा नव्हे, म्हणून पुढे जाऊ. एवढं खरं की दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कल्याणहून एक सोनार इथे येऊन पाण्याला आपलं नाव देऊन गेला आणि ते नाव अजून वाचता येतं.

आता मुंबईची तहान. फोनवर नकाशा उघडा आणि दक्षिण मुंबईवर बोट फिरवा: धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, दोन टाकी. एकाही ठिकाणी तळं दिसणार नाही. ही सगळी खरीखुरी तळी होती आणि त्यातली बरीच कुणा ना कुणा दानशूराने खोदलेली किंवा दुरुस्त केलेली. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचं अठराव्या शतकातलं तळं. धोबी तलावाची दुरुस्ती फ्रामजी कावसजी बनाजी यांनी स्वतःच्या खर्चाने केली, तेव्हा त्याला त्यांचं नाव मिळालं. तळं बुजलं, नाव तिथल्या फ्रामजी कावसजी हॉलवर उरलं. आणि लोक? ते अजून धोबी तलावच म्हणतात. गवालिया टँक बुजवून मैदान झालं आणि १९४२ मध्ये तिथूनच ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली.

बेटावरचं शहर, चारही बाजूंनी खारं पाणी. विहिरी आणि तळी पावसावर. वस्ती वाढली तसा उन्हाळा जड जाऊ लागला. १८४५ मध्ये पाण्यासाठी लोकांनी इतका गलका केला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. १८५४ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा शहरातली गुरं माहीमकडे हलवली गेली आणि पाणी होड्यांनी आणि आगगाडीने आणलं गेलं. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी नेलं तेव्हा आपल्याला ते नवल वाटलं होतं.

त्यानंतर हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेने विहार तलाव झाला आणि १८६० पासून शहरात नळाने पाणी येऊ लागलं. पुढे तुळशी, मग तानसा. हा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे. तोपर्यंत दान करायचं तर विहीर खणावी लागे, तळं बांधावं लागे. त्यासाठी जमीन हवी, झरा लागायला नशीब हवं. आता पाणी पाइपातून नाक्यानाक्यावर येऊ लागलं. दात्याने फक्त शेवटचे चार हात पुरे करायचे: दगड, छप्पर, नळ आणि नावाची पाटी. प्याऊंचा सुकाळ झाला तो यामुळे. पुण्य स्वस्त झालं, असं कुणी म्हटलं तर मी फार विरोध करणार नाही.

स्वस्त झालं तरी केलं हे महत्त्वाचं. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरभर चाळीस कारंजी बसवायला पैसे दिले. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलच्या दारातलं कारंजंही त्यांच्याच देणगीतलं, आणि त्याचा आराखडा इंग्लंडचे प्रसिद्ध वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांचा. पारशी माणूस, ख्रिस्ती देवळाच्या दारात, पाण्याचं दान. मस्जिद बंदरला भात बाजारात केशवजी नायक यांची प्याऊ आहे. वर घड्याळाचा मनोरा, खाली बैलाच्या तोंडातून पाणी. १८७६ च्या जानेवारीत गव्हर्नर फिलिप वोडहाउसच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. केशवजी नायक कच्छी जैन, कापसाचे आणि गिरण्यांचे मोठे शेठ. त्यांची प्याऊ मला मुंबईतली सगळ्यात शहाणी वाटते. मिरची, मसाला, धान्याच्या त्या बाजारात हमाल, गाडीवाले, बैल, सगळ्यांना दिवसातून दोनच गोष्टी लागत: पाणी आणि किती वाजले हे. शेठने दोन्ही एकाच खांबावर टांगल्या.

हे सगळं निव्वळ दयेपोटी झालं असं मानायचं कारण नाही. तो काळ शेठ लोकांचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईत पैसा लोटला. १८६५ मध्ये फुगा फुटला तोही इथेच. इंग्रज सरकार दानशूरांना सर, रावबहादूर, खानबहादूर करत असे. गव्हर्नर उद्घाटनाला आला की बाजारात पत वाढे. संगमरवरी पाटीवर नाव इंग्रजीत आणि गुजरातीत, कधी मराठीतही, ठळक कोरलं जाई. पुण्य, पत, शोक आणि धंदा यांची ही सरमिसळ होती. त्यातला शोक किती आणि पत किती, हे दगडाकडे बघून वेगळं काढता येत नाही. मूळजी जेठांच्या कारंज्यापुढे उभं राहिल्यावर मात्र मला तो प्रयत्न करावासाही वाटत नाही.

प्याऊ चालत कशी असे तेही बघा. साधारण उंच जोतं, वर छत्री किंवा खोलीवजा जागा. आत रांजण किंवा टाकी. पाणी पाजायला पगारी माणूस. तो जाळीतून किंवा खिडकीतून लोट्याने धार सोडायचा आणि पिणारा खाली ओंजळ धरायचा. जोत्याशी गुरांसाठी, घोड्यांसाठी कुंडी. १८७४ मध्ये शहरात ट्राम आली ती घोड्यांची, आणि बैलगाड्या तर होत्याच; मुंबईचं वाहतुकीचं इंधन तेव्हा पाणी पीत असे. वर कोनाड्यात पक्ष्यांसाठी दाणे. माणूस, जनावर, पाखरू अशी उतरंड एकाच दगडात. तिला भूतदया म्हणतात, आणि जैन-वैष्णव व्यापाऱ्यांच्या मुंबईत ती फार खोल मुरलेली होती.

आता त्या खिडकीशी थोडं थांबू, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे.

पाणी पाजणारा माणूस सहसा ब्राह्मण असे. कारण उघड आहे. त्याच्या हातचं पाणी सगळ्यांना चाले. धार वरून सोडायची, ओंजळ खाली धरायची, म्हणजे भांड्याला कुणाचा ओठ लागत नाही. आरोग्याच्या दृष्टीने उत्तम सोय, असं आज आपण म्हणू. पण ही सोय आरोग्यासाठी निघाली नव्हती. ती विटाळासाठी निघाली होती. उत्तरेकडच्या प्याऊंवर अस्पृश्यांसाठी बांबूची किंवा पत्र्याची नळी लावलेली असे, म्हणजे लोटा आणि ओंजळ यांच्यातलं अंतर आणखी वाढवायचं. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळे. ‘कुणीही यावं आणि प्यावं’ असं मी वर लिहिलं खरं. त्यातल्या ‘कुणीही’मध्ये कोण कोण होतं, हे पाटीवर कोरलेलं नसे.

मुंबईत जात विरघळली होती असं ज्यांना वाटतं त्यांनी गिरण्या बघाव्यात. विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण दिलं जाई ते असं, की धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने चोखावा लागतो, आणि दुसऱ्याच्या उष्ट्या धाग्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नाहीत. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. थुंकी, ओठ, ओंजळ. पगाराची आणि पाण्याची वाट एकाच तोंडाशी अडत होती.

पुण्यात जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मला हे प्याऊंच्या इतिहासातलं पान वाटतं, जरी तिथे घड्याळाचा मनोरा नव्हता आणि गव्हर्नर आला नव्हता. खर्चही काही नव्हता. हौद आधीपासून होताच. वर्षही बघा: केशवजी नायकांच्या प्याऊच्या आठ वर्षं आधी.

मग १९२३. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. बोले मुंबईचे, भंडारी समाजाचे पुढारी. ठरावातली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: जे सरकारी पैशातून बांधलेलं किंवा चालवलेलं आहे, किंवा सरकारने वा कायद्याने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यात आहे, तेवढंच. म्हणजे शेठच्या पैशातून उभी राहिलेली, शेठच्या ट्रस्टने चालवलेली प्याऊ या ठरावाच्या दाराबाहेर राहू शकत होती. दान खासगी होतं आणि खासगी दानात दात्याची मर्जी चालते.

महाडची नगरपालिका या ठरावाने चवदार तळं खुलं करून मोकळी झाली, पण तळ्याकडे कुणी फिरकू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढचा मारहाणीचा आणि ‘शुद्धीकरणा’चा भाग तुम्हाला माहीत असतो. कोर्टातला भाग मात्र आपण विसरतो. तळं सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांची खासगी मालमत्ता आहे, असा दावा लावला गेला. तो दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

एवढं सगळं मनात ठेवून संविधानाचं पंधरावं कलम काढून वाचा, फोनवर मिनिटभराचं काम आहे. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून बंधन घालता येणार नाही, असं तिथे आहे. आणि कुठल्या विहिरी, कुठली तळी? सरकारी पैशातून पूर्ण किंवा अंशतः चालणारी, ‘किंवा’ सामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेली. बोले ठरावात नव्हता तो हा दुसरा ‘किंवा’. शेठची प्याऊ त्यात येते. कोरडी कायद्याची भाषा वाचताना गळा दाटून येण्याचा प्रसंग माझ्यावर फारसा येत नाही. त्या ‘किंवा’पाशी आला.

आता दुसरी बाजू. धर्मादाय पाण्याशी सरकारचं भांडण फक्त जातीवरून झालं नाही, आरोग्यावरूनही झालं. मुंबईतला मलेरिया हटेना म्हणून डॉ. बेंटली यांना तपासाला लावलं गेलं. १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. दोषी डास शहरातल्या घरगुती विहिरींत वाढतो, असं त्यात होतं. नळाचं पाणी घरोघर पोचल्यावर या विहिरी प्यायला लागत नव्हत्या, पण पूजेला लागत होत्या. महापालिकेने विहिरी बुजवा किंवा झाकून घ्या अशा नोटिसा काढल्या आणि शहरात खळबळ उडाली.

त्या वेळी पालिकेचे चिटणीस होते रुस्तम मसानी. पुढे १९२२ मध्ये ते मुंबईचे पहिले भारतीय आयुक्त झाले. विहीरमालकांच्या तक्रारी त्यांच्या कानावर येत. विहिरीत देव आहे, रक्षक आहे, तोंड बंद केलंत तर घरात माणूस जाईल. पारशी मालकाच्या विहिरीत मुसलमान सय्यदाचा वास आहे, अशीही श्रद्धा त्यांना सापडली. आणखी पारशी धर्मविधींना लागणारं पाणी सूर्यप्रकाश पोचेल अशाच विहिरीचं हवं. दुसरा अधिकारी वैतागला असता. मसानींनी या सगळ्याची टिपणं केली, जगभरच्या जलपूजेच्या कथा जमवल्या आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक काढलं. सरकारी फायलीतून निघालेलं इतकं प्रेमळ पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही. तोडगाही निघाला: विहीर झाकायची, पण तिला बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवायचं. ऊन आत जाईल, गरजेला बादली जाईल, डास बाहेर येणार नाही.

अशा भांडणांतून वाचलेली आणि अजून पाणी असलेली विहीर बघायची तर चर्चगेटजवळ जा. भिखा बेहराम विहीर १७२५ ची, म्हणजे तिला तीनशे वर्षं झाली. समुद्र इतका जवळ असून तिला गोडं पाणी आहे. आख्यायिका अशी सांगतात की भिखाजी बेहरामजी गुजरातेतून मुंबईला येताना मराठ्यांच्या हाती सापडले, मुसलमान समजून त्यांना किल्ल्यात डांबलं गेलं, आणि अंगावरची सुदरा-कस्ती दाखवून ते पारशी असल्याचं पटल्यावर सुटले. सुटकेचे आभार म्हणून त्यांनी ही विहीर खणली. विहिरीवर रंगीत काचांची छत्री आहे, तिथे पारशी प्रार्थनेला येतात, आणि छत्रीखाली इतरांना जाता येत नाही. त्यावर मला काय वाटतं ते अजून ठरत नाही. वर मी संविधानाच्या ‘किंवा’चं कौतुक केलं, आणि इथे त्या चौकटीबाहेर उभं राहून तिला हात जोडले. देवळाची विहीर आणि रस्त्याची प्याऊ यांत फरक आहे, असं मी स्वतःला सांगते. महाडच्या लोकांनीही काहीतरी असंच स्वतःला सांगितलं असणार, हेही मग आठवतं.

भूतदया आणि आरोग्य यांचं भांडण तर मुंबईत याहूनही जुनं आहे. १८३२ मध्ये पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली म्हणून पारशी आणि त्यांच्या बाजूने हिंदू रस्त्यावर उतरले. दोन वर्षांत जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ सुरू झाली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, ती जमावाने ओढून फाडली. तोही १९३३ च्या सुमाराचा, मुळात कारंजं म्हणून बांधलेला. एका बाजूला कबुतरांच्या विष्ठेने होणारे फुप्फुसांचे आजार, डॉक्टरांचे इशारे, हायकोर्ट; दुसऱ्या बाजूला पिढ्यानपिढ्या दाणे टाकणारे हात. त्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचे इतके मेसेज आले की शेवटी मी मसानींचं पुस्तक उघडून बसले. जाळीच्या दारासारखं काही इथे सुचेल का, कोण जाणे. माझ्या आत्याला दम्याचा त्रास आहे आणि ती दादरला राहते, त्यामुळे माझं मत तटस्थ नाही.

प्याऊ का वाळल्या याची कहाणी छोटी आहे. घराघरांत नळ आले. घोडे गेले, बैल गेले. ट्रस्टचे वारस उपनगरांत किंवा परदेशी गेले. व्याजाची रक्कम होती तेवढीच राहिली आणि तिच्यात एका माणसाचा पगारही निघेना. रस्ते रुंद झाले, जोती अर्धी गाडली गेली, कोनाड्यांत दुकानं शिरली. १९६५ च्या सुमाराला बाटलीबंद पाणी मुंबईत विकायला आलं तेव्हा लोक हसले म्हणतात. आज स्टेशनबाहेर बाटली घेताना कुणी हसत नाही. गेल्या काही वर्षांत राहुल चेंबूरकर यांच्यासारख्या वारसा-वास्तुतज्ज्ञांनी जुन्या प्याऊ शोधून, साफ करून, काहींना पुन्हा पाणी जोडण्याचं काम हाती घेतलं आहे. नक्षी परत येते आहे, ते चांगलंच. पण दगड स्वच्छ करून मागे बाटली विकणारा फ्रीज उभा असेल, तर प्याऊ जिवंत झाली असं मी म्हणणार नाही.

आणि ज्यांच्यासाठी शहरात आजही पाणी नसतं, ते प्याऊच्या नकाशावर नव्हतेच. ठराविक तारखेनंतरच्या झोपडपट्टीला नळ द्यायचा नाही, हा मुंबईचा जुना नियम. पाणी हक्क समिती नावाच्या लोकांच्या संघटनेने तो हायकोर्टात नेला. डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाणी जगण्याच्या हक्कात येतं. या समितीने कुठे संगमरवर लावलेला नाही. तिने फॉर्म भरले, बैठका घेतल्या, हंडे घेऊन मोर्चे काढले. पुढेमागे कुणी मुंबईच्या पाणीदात्यांची यादी केली तर त्यात रेडीमनींच्या खाली मी हे नाव लिहीन.

गेल्या वैशाखात मस्जिद बंदरहून परत येताना एका गल्लीच्या तोंडाशी तिपाईवर दोन माठ दिसले. लाल फडकं, वर लाकडी झाकण, झाकणावर स्टीलचा ग्लास, ग्लासाला साखळी. माठावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं: ‘आईच्या स्मरणार्थ’. कुणाच्या आईच्या ते नव्हतं. शेजारच्या गाळ्यातला माणूस म्हणाला, “प्या की ताई, गाळलेलं आहे.” माझ्या आधी एक कुरियरवाला मुलगा उभा होता. त्याने ग्लास भरला, मान मागे टाकली आणि ओठांपासून वीतभर वर धरून घटाघटा प्यायला. एक थेंब शर्टावर नाही. मग ग्लास पुन्हा भरून माझ्या हातात दिला. मला तसं वरून पिता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मी ग्लास तोंडाला लावला, प्यायले, विसळून झाकणावर ठेवला. मागे हातगाडीवाला उभा होता, त्याने तोच उचलला.